सालम पोलगे म्हणणारं कोण

ही गोष्ट खरी आहे. उमरग्याजवळच्या त्या घरी आजही पाहुणे जेवायला येतात, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही.

गेल्या जानेवारीतला दुसरा रविवार. दुपारचे बारा.

येळवस होऊन पंधरा दिवस उलटले होते. त्या अमावास्येला इथली घरंच्या घरं शेतात जेवायला जातात. श्रीदेवीनं मात्र येळवस पुन्हा मांडली होती... पुण्याहून पैसे देऊन जेवायला आलेल्या चौदा पाहुण्यांसाठी.

उभ्या शाळू ज्वारीच्या मधोमध कडब्याची कोप, खोपटासारखी. आत पांडव म्हणून पुजलेले, चुन्यानं रंगवलेले पाच दगड. शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, मडक्यात गार आंबील.

पाहुणे आणणाऱ्या मॅडमना बेत आवडला, तर थंडी सरेपर्यंतचे सगळे रविवार श्रीदेवीचे. मग हैदराबादच्या गोदामात पाच वर्षं राबणारा तिचा नवरा, शिवपुत्र, कायमचा घरी येणार होता.

तिला तेवढंच पाहिजे होतं.

"येळवस वर्षातनं एकदाच असती," सासू उमाबाई चुलीपाशी पुटपुटल्या. "दर आठवड्याला पुजलं तर लक्ष्मीलाबी कट्टाळा यील."

"अत्या, कुणाला खायला घालणं वाईट असतंय का?"

"खायला घाल की लई. हाळी कशाला देतीस?"

हाळी म्हणजे आंबील शिंपडत शेताभोवती फिरायचं. पुढच्यानं म्हणायचं, 'ओलगे ओलगे'. मागच्यांनी म्हणायचं, 'सालम पोलगे'. मॅडमना व्हिडिओत नेमकं तेच हवं होतं.

श्रीदेवीनं मडकं कमरेवर घेतलं. बांधावरनं निघाली.

"ओलगे ओलगे..."

मागं पाहुणे अडखळले. "सालम... काय हो पुढे?" सगळे हसले.

"ओलगे ओलगे..."

या वेळी उत्तर आलं.

शाळूतनं... पुरुषाचा आवाज... म्हातारा, घसा बसलेला.

"सालम पोलगे..."

श्रीदेवी जागीच थांबली. वारा पडलेला. शाळूचं पातं हलत नव्हतं. कणसांवरची पाखरंसुद्धा गप्प.

"वा! ते काका कुठे आहेत?" मॅडमनी मोबाइल तिकडं वळवला.

काका नव्हतेच. त्या शेतात मॅडम धरून चौदा पाहुणे आणि सासू-सुना... एवढीच माणसं होती.

चार वाजता गाडी निघाली. "दर रविवारी असंच हवं. त्या काकांसकट!" मॅडम म्हणाल्या.

श्रीदेवीनं बांधावरूनच शिवपुत्रला फोन लावला. हसली, रडली. "या आता," एवढंच म्हणाली.

मग पत्रावळ्या गोळा केल्या. सासू-सुना अजून जेवायच्या होत्या. चौदा पानं वाढली होती.

उष्टी पंधरा निघाली.

"हेंडगा पेटव," उमाबाई म्हणाल्या. येळवशीला दिवस मावळताना कडब्याची पेंडी पेटवून शेताभोवती फिरवतात, तो हेंडगा. "बोलावलेल्याला पोचवायला नको व्हय गं?"

कडबा खडखडीत वाळलेला. तरी तीनदा पेटवला... तीनदा विझला.

शिवपुत्रला तिनं यातलं काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तो आला नसता.

गुरुवारी भर दुपारी तो आला. अंगणात बॅग टेकवली. श्रीदेवी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तोच शेतातून...

"ओलगे ओलगे..."

रविवार नव्हता. पाहुणे नव्हते. या वेळी हाळी तिकडूनच आली होती... आणि उत्तरासाठी खोळंबली होती.

उमाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

शिवपुत्रला वाटलं, शेतात पाहुणे आलेत. पाच वर्षांनी कानी पडलेली हाळी ती. त्याचं तोंड उजळलं. श्रीदेवीचा हात त्याच्या तोंडापर्यंत पोचेस्तोवर तो ओरडला होता...

"सालम पोलगे!"

शेत गप्प झालं.

पुढचे सगळे रविवार छान गेले. श्रीदेवी हाळी द्यायची. शिवपुत्र मडकं घेऊन तिच्या शेजारी चालायचा. ओठ मिटलेले.

शाळूतून उत्तर यायचं. पण तो आवाज आता म्हाताऱ्याचा नव्हता.

शिवपुत्रचा होता.

पाहुणे टाळ्या वाजवायचे.

परवा मॅडमचा फोन आला. यंदाच्या थंडीत शनिवारही हवेत म्हणाल्या. श्रीदेवीनं फोनवर हात ठेवला. शिवपुत्र पाठीमागं बाजेवर बसलेला होता.

"व्हय म्हण की," आवाज आला. "म्या हाय ना आता हितं."

तो आवाज बाजेवरून आला की खिडकीपलीकडच्या शेतातून... हे बघायला श्रीदेवीनं मान वळवली नाही.