वरवरची ऊब

क्रेनने विजेवरचं ते छोटं विमान खाडीतून वर काढलं, तेव्हा किनाऱ्यावर अख्खं गाव जमलं होतं. वैमानिक युस्टाइन आदल्या दिवशीच पाणबुड्यांना सापडला होता, पट्टा बांधलेला, खुर्चीतच.

तपासाला ओस्लोहून सोल्वी आली. कंपनीचा मालक तेर्ये तिच्यापुढे कॉफी ठेवत म्हणाला, "यात शोधायचं काय, बाई? रेडिओवरचे त्याचे शेवटचे शब्द ऐका. 'जोर गेला. माझंच काहीतरी चुकलं.' झालं की!"

ते 'झालं की' सोल्वीला झोंबलं.

"उड्डाणाच्या आदल्या रात्री विमानाची बॅटरी उबेला लावली होती?"

"म्हणजे काय! गारठलेली बॅटरी ऐन वेळी मान टाकते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. संध्याकाळी त्यानेच ऊब देणारी वायर लावली. सकाळी मापकावर ऊबही बघितली."

"तुम्ही कुठे होता?"

"रात्री वादळातून आलो. माझ्या विजेवरच्या गाडीची बॅटरी संपलेली, जेमतेम हँगर गाठला. सकाळी मंत्रीणबाईंना बोटीच्या धक्क्यावरून घेऊन आलो. उड्डाण बघायला आल्या होत्या ना! म्हणाल्या, गाडी काय छान उबदार आहे."

सोल्वी हँगरभर फिरली. प्लग लावायची जागा एकच होती. मग ती युस्टाइनच्या घरी गेली.

"गाव म्हणतंय, त्याचा निष्काळजीपणा," त्याची बायको इंगविल्ड म्हणाली. "पोरगी शाळेत जाईना. बापावरून चिडवतात तिला."

"तुम्ही कामावर कशा जाता?"

"शेजाऱ्याच्या डिझेलच्या खटाऱ्यातून. वादळात गावातला गाड्यांचा चार्जर बंद पडला, तो अजून बंदच आहे."

सोल्वी ताडकन उठली. "चला माझ्याबरोबर."

हँगरमध्ये तिने तेर्येला सरळच विचारलं, "संपलेल्या गाडीत धक्क्यावर जाऊन यायला वीज कुठून आली?"

तेर्येचा चेहरा पडला.

"गावात चार्जर बंद. इथे प्लग एकच. तुम्ही विमानाची वायर काढून गाडीला लावलीत आणि सकाळी निघताना गुपचूप परत विमानाला. फ्रीजरमधला मासा थोडा वेळ बाहेर ठेवला की वरून मऊ लागतो, आतून दगडच असतो. मापक बॅटरीच्या कडेला आहे. युस्टाइनला दिसली ती वरवरची ऊब."

"मग काय मंत्रीणबाईंना डिझेलच्या गाडीतून आणायचं होतं?" तेर्ये ओरडला. "विजेवरच्या विमानासाठी? लोक हसले असते!"

"त्याला सांगायचं तरी होतंत. उड्डाण उद्यावर गेलं असतं."

"सांगणार होतो... पण टाळ्या सुरू झाल्या होत्या."

"आणि नंतर? तो गेल्यावर त्याच्याच माथी मारलंत?"

सोल्वी इंगविल्डकडे वळली. "अहवालात सगळं येईल. गावाला कळेल, तुमच्या लेकीला कळेल."

"हो," इंगविल्ड म्हणाली. तिला रडूही येईना. "पण तो स्वतःलाच दोष देत गेला हो. त्याला आता कोण सांगणार?"