व्हिडिओ बघितलेल्यांनीच आत यावं

पहिल्याच दिवशी ज्योत्स्नाला वर्गाबाहेर काढलं. कलबुर्गीला विद्यापीठात गणिताचे प्रभुलिंग सर आपला पाठ व्हिडिओ करून पाठवायचे. तो घरी बघायचा अन् वर्गात नुसती गणितं सोडवायची. बघितला नाही तो गैरहजर! पद्धत चांगलीच हो, पण निंबर्ग्यात तिच्या घरी फोन एकच, अन् तो अप्पांबरोबर रात्रपाळीला जायचा.

व्हरांड्यात शिवप्रसाद धापा टाकत आला. हळ्ळीखेडचा, बस चुकलेला.

"तुला कामून काढलं?"

"व्हिडिओ... बघितला न्हाई."

"हात्तिच्या! मी सांगतो की."

पायरीवर बसून तो वहीत समजावू लागला. मधेच तिच्याकडं बघायचा अन् आकडा चुकायचा.

"वहीत बघ," ती म्हणाली.

"वहीत काय हाय बघायला?"

ती लाजली, पण उठली नाही.

मग रोजचंच झालं. तो पाठ सांगायचा, अन् हजेरीसाठी तिच्या नावानं आपल्याच फोनवर व्हिडिओ लावायचा. हे चूक आहे, तिला कळायचं. पण सकाळी बसमधून उतरून आल्यावर व्हरांड्याच्या पायरीवर तो दिसला की तिला बाकी काहीच सुचायचं नाही.

परीक्षेच्या तोंडावर सरांनी दोघांना उभं केलं. एका फोनवर दोन नावं!

"कुणीतरी एकानं फसवलंय," सरांनी फळ्यावर गणित घातलं. "दोघांतला एकच परीक्षेला बसेल, ज्याला हे येईल तो."

 ज्योत्स्नाचं वर्ष बुडालं तर शिक्षण बंद, हे घरी ठरलेलं होतं.

आधी शिवप्रसाद गेला. खडू हातात घेऊन नुसता उभा राहिला.

"येत न्हाई सर."

खोटारडा! त्यानंच तर तिला हे गणित तीनदा शिकवलं होतं. आता तिची पाळी. सोडवलं तर तो जाणार... पण आई सुभद्राबाईचा चेहरा डोळ्यापुढून हलेना. तिनं सोडवलं, शेवटच्या ओळीपर्यंत.

व्हरांड्यात तिनं त्याला गाठलं. "तुला येत होतं की रे!"

"व्हय." तो हसला. "तू मला लई आवडतीस, ज्योत्स्ना. मला येत होतं, हे मात्र सरांना सांगू नको."

"मला बी तू... आता काय करशील?"

"गावी जातो. आमचे अण्णा शेतात बोलवायलेच हायत. जा, आत जा तू."

तो गेटाकडं निघाला. तिला हुंदका आला, पण रडायलाही सवड नव्हती. आत हजेरी सुरू झाली होती.