हौद्यातली कोथिंबीर

"पाहुणे वीस आणि ताटं सोळा," त्र्यंबक म्हणाला. "चौघांनी काय तळहातावर जेवायचं?"

"तुझ्या घरची आण की," पिराजी म्हणाला.

"आईनं कालच दिली. वर सांगितलंय, एकाला जरी पोचा आला तर तू केळीच्या पानावर जेवायचं."

नंदिनीला हसायला वेळ नव्हता. मे महिन्याच्या सुट्टीत मलकापूरच्या शाळेतलं सेवापथक कोल्हापुरात आलं होतं. पेठेतली जुनी विहीर गाळानं भरली होती. ती उपसून साफ करायची आणि मगच परत जायचं, असं ठरलं होतं. त्यांना बोलावलं होतं नंदिनीच्या वडिलांनी, दत्तोपंत मास्तरांनी. मुलं शाळेत उतरली होती. शाळेला लागून तालीम होती आणि तालमीच्या पडवीत पंगत बसत होती.

स्वयंपाक पिराजीच्या आजी बनाबाई करत होत्या. नवरा आणि मुलगा गेल्यापासून त्या लग्नाकार्यात स्वयंपाक करून घर चालवत. घरात त्या आणि पिराजी, दोघंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं गाळ काढून आली आणि पोटभर जेवली. वाढायला पेठेतली मुलं होती. त्र्यंबक ताकाची घागर घेऊन पंगतीत फिरत होता. कुणी नको म्हटलं की तो म्हणे, "कोल्हापुरात येऊन नाही म्हणायचं नसतं." आणि भांडं भरे.

तासाभरात पाहुण्यांची पोटं दुखायला लागली. एकामागून एक मुलं ओकली. डॉक्टर आले, औषध दिलं आणि म्हणाले, "घाबरू नका, संध्याकाळपर्यंत बरी होतील. पण पोटात काहीतरी वाईट गेलंय."

तालमीचे वस्ताद हंबीरराव तिथंच उभे होते. त्यांचा आवाज पार कोपऱ्यावर ऐकू जाई. "आमटी नासली असंल," ते म्हणाले. "म्हातारीला आता दिसत न्हाय. मी पैल्यांदाच बोललो हुतो."

बनाबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. "शिळं मी कधी वाढलं न्हाय, वस्ताद." एवढंच बोलून त्या घरी निघून गेल्या.

मलकापूरचे गुरुजी म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. पोरांचे आईबाप मला विचारतील. संध्याकाळच्या गाडीनं परत जातो आम्ही."

पिराजी पायरीवर बसला होता. "परवा माळ्याच्या पोरीच्या लग्नाचा सैपाक आज्जीकडं हाय," तो म्हणाला. "आता कोण बोलवील तिला? परवाच न्हाय, कधीच न्हाय."

"चल, आधी आजाऱ्यांना विचारू," नंदिनी म्हणाली.

त्र्यंबकही त्यांच्याबरोबर निघाला. शाळेच्या खोलीत मुलं चटयांवर पडली होती. कालिंदी नावाची एक मुलगी मात्र सगळ्यांना वारा घालत बसली होती.

"तुला काही झालं नाही?" नंदिनीनं विचारलं.

"न्हाय. मी तर आमटी दोनदा घेतली. सर्दी हाय म्हणून गुरुजींनी ताक तेवढं पिऊ दिलं न्हाय."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. नंदिनी शेजारच्या मुलाकडं वळली. "ताक कसं होतं रे?"

त्यानं तोंड वाकडं केलं. "पिवळं. वर तेल तरंगत हुतं. आन् वास देवळातल्यावानी."

"मग प्यालास कशाला?"

"पावण्यांनी नावं ठेवायची नसत्यात. आमास्नी वाटलं, कोल्हापुरात ताकाला फोडणीच घालत असतील. ह्यो तर भांडं खाली ठेवूच देईना."

त्र्यंबकचे कान लाल झाले.

"आज्जी ताकात हिंग, मीठ, जिरं न् कोथिंबीर घालती," पिराजी म्हणाला. "हळद कधीच न्हाय. तेल, हळद, देवळाचा वास..." तो ताडकन उठला. "कापूर! आरं, ह्ये तर हौद्याचं ताक!"

तालमीत कुस्तीची तांबडी माती जिथं असते त्याला हौदा म्हणतात. ती माती मऊ राहावी म्हणून तिच्यात ताक, तेल, हळद आणि कापूर घालतात. हंबीरराव हे सगळं आंबट ताकात कालवून, घागरीचं तोंड फडक्यानं बांधून पडवीत ठेवत. बनाबाईंची ताकाची घागरही फडकं बांधून तिथंच ठेवलेली असे.

चौघं तालमीकडं धावली. बायका-मुली हौद्याजवळ जात नसत, म्हणून नंदिनी आणि कालिंदी दारातच थांबल्या. बाहेर गणपतराव पैलवान भिंतीला पाठ घासत होता.

"काय झालं, गणपतदादा?" नंदिनीनं विचारलं.

"माती बदलली का काय कुणास ठावं. सकाळपासनं अंग खाजतंय. वस्तादास्नी सांगितलं तर म्हणत्यात, जोर कमी मारलास."

त्याच्या पाठीवर जिरं चिकटलं होतं. कालिंदीनं तोंडावर हात दाबला.

पिराजी मूठभर माती घेऊन बाहेर आला. तांबड्या मातीत हिरवी कोथिंबीर होती आणि हिंगाचा वास येत होता.

"चला, मास्तरांना दाखवू," त्र्यंबक म्हणाला.

"थांब," नंदिनी म्हणाली. "वस्ताद म्हणतील, पोरांनीच कोथिंबीर टाकली. त्यांच्या तोंडूनच निघालं पाहिजे. पंगतीतल्या घागरीत काही उरलंय?"

तळाशी थोडं उरलं होतं. नंदिनीनं ते भांड्यात ओतलं आणि शाळेच्या ओसरीवर आली. तिथं मोठी माणसं बसली होती. गुरुजी मुलांच्या वळकट्या बांधायला सांगत होते.

"वस्ताद, ऊन फार आहे. ताक घ्या," ती म्हणाली.

हंबीररावांनी भांडं घेतलं, मिशीपर्यंत नेलं आणि तिथंच थांबवलं. "आगं पोरी, ह्ये कुठनं उचललंस? ह्ये हौद्याचं हाय. माणसानं प्यायचं नसतंय. प्यालीस तर पोट धरून बसशील."

वळकट्यांचं सोडून गुरुजी जवळ आले.

"पंगतीतल्या घागरीतलं आहे, वस्ताद," नंदिनी म्हणाली. "सगळ्या पाहुण्यांना हेच वाढलं."

पिराजीनं मूठ उघडली. "आन् ह्यी हौद्यातली माती. आज्जीची कोथिंबीर हाय हिच्यात."

हंबीररावांनी माती नाकाजवळ नेली. मग भांडं खाली ठेवलं. "सकाळी बोलायच्या नादात घागर उचलली न् वतली," ते हळू म्हणाले. "कुठली ते बघितलं न्हाय."

"वाढलं मी. वास घेतला नाही," त्र्यंबक म्हणाला.

"आणि बनाबाईंना कुणी काही विचारलंच नाही," दत्तोपंत म्हणाले. "यात मीही आलो."

हंबीरराव उठले. डोक्याला फेटा बांधला आणि बनाबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. सगळी ओसरी त्यांच्या मागून गेली.

"बनाआक्का, चूक माझी हाय."

"मला कशाला सांगतोस?" बनाबाई आतूनच म्हणाल्या. "बोललास पेठेत. सांग पेठेत."

वस्ताद चौकात गेले आणि ज्या आवाजात आमटी नासली म्हणाले होते त्याच आवाजात आपली चूक सांगितली. दोन्ही बाजूंच्या घरांतून माणसं बाहेर आली. माळ्याच्या घरची माणसंही आली.

गुरुजींनी वळकट्या सोडायला लावल्या. संध्याकाळी बनाबाईंनी पोरांसाठी मऊ भात टाकला. पहिलं ताट हंबीररावांनी मागून घेतलं आणि सगळ्यांसमोर जेवून दाखवलं. उद्या सकाळपासून तालमीचे पैलवान गाळाच्या पाट्या वाहायला येतील, असंही कबूल केलं.

गुरुजी नंदिनीला म्हणाले, "आम्ही गाडीत बसलो असतो तर ह्या बाईचं नुकसान करून गेलो असतो. तुम्ही पोरांनी आम्हाला वाचवलंत."

"पिराजीनं कापूर ओळखला," नंदिनी म्हणाली.

तेवढ्यात माळी, नवरीचा बाप, पडवीत आला. इकडं तिकडं बघत म्हणाला, "बनाआक्का, परवा पहाटेच येताय न्हवं?"

बनाबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "येते की. पन ताकाची घागर माझ्याजवळच ऱ्हाईल."