दाराकडे पाठ

लातूरच्या त्या अभ्यासिकेचा जिना सुकन्या नऊ वर्षांनी चढत होती. तिसऱ्या पायरीवर तिचा पाय आपोआप जपून पडला. ती पायरी तेव्हाही तुटकीच होती. वर काउंटरमागे अभ्यासिका चालवणारे शेषेरावकाका असतील, चष्मा कपाळावर ढकलत "काय गं मुदखेडकर, वाट चुकलीस काय?" असं विचारतील, हे चित्र मनात धरूनच ती आली होती. आणि वर बघते तर काउंटरमागे दयानंद!

"तुम्ही?" दोघं एकदमच म्हणाले.

तोच तो जळकोटचा दयानंद. दोन वर्षं दोघांनी इथेच स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला होता, पण बोलणं झालं असेल ते 'पंखा कमी करू का?' इतपतच. आता अंगानं थोडा भरला होता, मिशी आली होती... डोळे मात्र तेच, समोरच्याकडे बघावं की बघू नये या विचारात पडलेले. नोकरीनं त्याला काही दाद दिली नव्हती. काका थकून शिरूर अनंतपाळला गावी गेले, तेव्हा ही अभ्यासिका त्यानंच चालवायला घेतली.

"फेंगशुईवाल्या बाई येणार म्हणून फोन आला होता," तो म्हणाला. "त्या तुम्ही?"

"मीच. हसू नका."

"मी कुठं हसायलोय?" असं म्हणत तो चांगला हसत होता.

सुकन्या नांदेडला फर्निचरच्या शोरूममध्ये होती. पलंग घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, ताई, हा ठेवायचा कुठं? म्हणून तिनं महानंदा मॅडमचा फेंगशुईचा क्लास लावला. शेवटच्या परीक्षेला एक घर आणि एक कामाची जागा मांडून दाखवायची होती. घर तिनं मुदखेडचं आपलंच घेतलं. साखराबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, दुसऱ्याच दिवशी पलंग ढकलून जुन्या जागी नेला. पण तोवर फोटो काढून झाले होते. कामाच्या जागेसाठी मॅडमनी तयार असलेल्या जागांच्या चिठ्ठ्या टाकल्या, तिच्या चिठ्ठीत ही अभ्यासिका निघाली. पास झाली तर शोरूममध्ये सजावटीचा सल्ला देण्याचं काम तिला मिळणार होतं, नाहीतर पुन्हा सोफ्यांवरची धूळ झटकायची.

एकेकाळी या दयानंदनं आपल्याशी एक शब्द बोलावा म्हणून तिनं दोन वर्षं जीव टांगून ठेवला होता. पण ते काही परीक्षेच्या अहवालात लिहिण्यासारखं नव्हतं.

सुट्टीचा दिवस होता, मुलं नव्हती. सुतार पाशामियाँ हत्यारांची पिशवी घेऊन आले आणि काम सुरू झालं. मोडकं, बंद पडलेलं आधी बाहेर, हा मॅडमचा पहिला धडा. बंद घड्याळ गेलं, तीन पायांचं स्टूल गेलं, कुठल्याशा जुन्या भरतीच्या अर्जांचा गठ्ठा गेला. मग टेबलं. बसणाऱ्याच्या पाठीशी भिंत हवी, दार नजरेत हवं, डोक्यावर तुळई नको.

"आमचे अब्बा बी हेच सांगायचे, बाई," पाशामियाँ टेबल उचलत म्हणाले. "कारागिरानं पाठ भिंतीला लावून बसावं. हातोडा उचलला की मागं कोणी नको."

खोली हळूहळू मोकळी होत गेली. राहिलं बावीस नंबरचं टेबल. डोक्यावर तुळई, दाराकडे सरळ पाठ, कपाटाचा टोकदार कोपरा थेट बसणाऱ्याच्या खांद्यावर रोखलेला. सगळे दोष एका जागी. सुकन्याला हसू आलं... ही तिचीच जागा होती. आता त्यावर 'राखीव' अशी पाटी होती.

"हे भिंतीकडे फिरवू या."

"हे राहू द्या," दयानंद पटकन म्हणाला. "बाकी काय वाट्टेल ते हलवा."

"का?"

"राखीव हाय ते."

"कोणासाठी?"

तो काउंटरवरचा पेन उगाच इकडचा तिकडे ठेवत राहिला. "हाय एक जण... आलं तर."

असेल कोणी. आपल्याला काय त्याचं? आपण स्थळं नाकारतोय म्हणून घरचे कावलेत, ते नाकारणं काय याच्यासाठी? मुळीच नाही. ती रागातच बोलली, "या एका टेबलापायी मॅडम मला नापास करतील. चालेल तुम्हाला?"

"न्हाई चालणार," तो कसाबसा म्हणाला. "पण..."

त्याच रागात तिनं टेबलाखालचा कप्पा रिकामा करायला घेतला. हाताला काहीतरी खरखरीत लागलं. ओढून काढलं तर एक बाटली, भोवती गोणपाट शिवलेलं, जाड काळ्या दोऱ्यानं.

ती तशीच खाली बसली. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा. नळ कोरडे, टँकरला रांगा, आणि रोज सकाळी तिच्या टेबलावर ही बाटली. गोणपाट ओलं, आतलं पाणी गार. त्या पाण्याची चव तिला आत्ताही जिभेवर आली.

"शेषेरावकाकांची बाटली!" ती म्हणाली. "किती माया होती हो त्यांची. जाताना मी त्यांना पेढे दिले होते या पाण्यासाठी."

"काकांची?" दयानंदला राहवेना. "त्या उन्हाळ्यात काका स्वतःच दुसऱ्याच्या बाटलीतनं प्यायचे!"

"मग कोण..."

"आमच्या शेतातल्या बोअरचं पाणी होतं. पहिल्या बसनं आणायचो. तुमच्या आधी यायचो, ठेवायचो, अन् मागं जाऊन बसायचो." तो थांबला. "पेढा मिळाला मला. काकांनी एक दिला अन् बाकीचे खाल्ले."

पाशामियाँनी स्क्रू शोधण्याचं निमित्त काढलं आणि ते जिन्यात गेले.

"बोलला का नाहीत?"

"तुम्ही एकदा तरी मागं वळून बघितलं का?"

"दाराकडं पाठ होती माझी!" सुकन्याची शोरूमची मराठी पार गळून पडली. "अन् कळत न्हवतं व्हय मला? तुमची डावी चप्पल वाजायची. ती वाजली की मी पुस्तकाचं पान उलटायचंच थांबायची. तुम्ही हाक मारताल म्हणून वाट बघायची, दोन वर्षं!"

दयानंद तिच्याकडे बघतच राहिला. या वेळी त्यानं डोळे खाली वळवले नाहीत.

"ही जागा दुसऱ्या कोणाला द्यावी वाटली न्हाई," तो म्हणाला. "लई जणांनी मागितली. तुम्ही याल असं काही खरं न्हवतं. तरी पाटी लावून ठेवली."

सुकन्यानं पदर नव्हता म्हणून ओढणीनं डोळे पुसले. मग उठून टेबलाची एक बाजू धरली. "धरा तिकडून. आता तरी फिरवू द्या."

दोघांनी मिळून टेबल भिंतीशी नेलं. ती खुर्चीत बसली. पाठीशी भिंत, डोक्यावर मोकळं छत, समोर जरा तिरकं दार. या खोलीत ती पहिल्यांदाच अशी बसली होती.

दयानंद बाटली घेऊन बाहेर गेला. जिन्यातल्या माठावर पाणी भरल्याचा आवाज आला. मग पावलं, आणि त्यात डावीकडून तोच ओळखीचा आवाज. नऊ वर्षांत त्याच्या चपला बदलल्या असतील, चाल बदलली नव्हती.

तो दारात आला. सुकन्या सरळ त्याच्याकडे बघत होती. गोणपाटावरून पाणी ठिबकत होतं. त्यानं बाटली तिच्यासमोर ठेवली आणि शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून विचारलं, "इथं... कोणी बसतंय का?"

तिनं 'राखीव'ची पाटी उचलून त्या खुर्चीसमोर ठेवली.

"एकाच माणसासाठी हाय," ती म्हणाली. "बस."