हजेरीतला तिसरा आवाज

सकाळचा उजेड त्या खोलीत एकदम येत नसे. आधी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी कडेकडेने उजळायची. मग तिच्यावरून घसरल्यासारखा तो खाली यायचा, गल्लीतल्या तारांवर क्षणभर थबकायचा आणि खिडकीच्या गजांमधून आत शिरून भिंतीवर फिकट पट्टे काढायचा. ते पट्टे सावकाश खाली सरकत. पलंगाची कड, खुर्चीची पाठ, पाण्याची बाटली असे एकेक ओलांडत ते टेबलापर्यंत पोहोचले, की तिथे पडलेल्या चष्म्याच्या काचांवर फुटून त्यांचे लहान लहान कवडसे व्हायचे आणि छतावर जाऊन थरथरत राहायचे. त्या उजेडात भीती वाटावी असे काहीही नव्हते. धूळ दिसायची, तीही निवांत.

हे मुद्दाम सांगतो आहे. कारण ही घटना रात्रीची नाही.

अंधार नव्हता. वारा नव्हता. कुत्री रडत नव्हती. खाली पेपरवाल्याच्या सायकलची घंटा वाजत होती, शेजारी कोणीतरी नळ सोडला होता... आणि तरीही ते घडले.

ज्याच्या बाबतीत घडले, तो माझा सख्खा मावसभाऊ. खोटे सांगायला माणसाला निदान चार शब्द जास्त बोलावे लागतात. हा लागतात तेवढेही बोलत नाही. म्हणून त्याने जे सांगितले, त्यावर माझा विश्वास आहे.

तो चष्म्याच्या दुकानात काम करतो. मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. गिऱ्हाइकांशी बोलायचे काम दुसऱ्याचे. आणि दुकान उघडण्यापूर्वी, रोज सकाळी, तो एक भुताची कादंबरी लिहीत असे.

या कामात त्याला दोघांची सोबत होती. वाचनालयात जमलेली ओळख. एक मास्तर, भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आत्मचरित्र लिहायला घेतलेले. दुसरी सिस्टर. मोठ्या रुग्णालयात रात्रपाळी करायची, एकटी राहायची आणि फक्त प्रेमकथा लिहायची. प्रत्येक कथेच्या शेवटी लग्न.

"रात्रभर माणसं जाताना बघते," ती म्हणायची. "घरी आल्यावर तरी दोघांना एकत्र आणू दे की!"

तिघांची लिहिण्याची एक पद्धत होती. तिला ते 'हजेरी' म्हणत.

सिस्टर ड्युटीवरून घरी पोहोचली की तिघे फोन जोडायचे, तो आपापल्या टेबलावर ठेवायचे आणि लिहायला बसायचे. बोलायचे नाही. दुसऱ्या टोकालाही कोणीतरी असेच झगडते आहे, एवढे फक्त ऐकायचे. मास्तरांचा पंखा कुरकुरायचा. सिस्टर पेन्सिलीने लिहायची. तिचे शार्पनर करकरायचे आणि मग ती भुसा फुंकून टाकायची. फू... फोन जवळ असल्यामुळे ती फुंकर थेट कानाशी आल्यासारखी वाटायची.

कोणी अडले, तर टेबलावर दोनदा ठोकायचे. टक टक. म्हणजे, अडलो.

बाकीच्यांनी एकदा ठोकायचे. टक. म्हणजे, आहे.

एवढेच. पण त्या एका 'टक'वर त्याने कादंबरीची कितीतरी प्रकरणे ओढून नेली होती.

लिहून झाले की मग गप्पा.

"मास्तर, किती वर्षं झाली! तुमच्या आत्मचरित्रात तुम्ही अजून जन्मालाच आला नाहीत."

"अगं, आजोबांचा स्वभाव नीट उतरल्याशिवाय मी कसा जन्मणार?"

"मग आईला ताटकळत ठेवा तोवर. आणि आमचे मौनीबाबा? काय म्हणतंय भूत?"

मौनीबाबा म्हणजे तो. हे नाव सिस्टरनेच ठेवले होते.

"बसलंय," तो म्हणाला.

"अजून बसलंय? अरे, पाहुणा असता तर एव्हाना मी दिवे मालवले असते!"

त्याच्या कादंबरीत एक शिवणकाम करणारी बाई होती. मेल्यानंतर ती रोज आपल्या घरी परत येते, मुलीचा अर्धवट राहिलेला झगा पुरा करायला. झगा शिवून होतो. मुलीच्या अंगाला तो बरोबर बसतो. आता बाईने जायला हवे... आणि तिथेच तो अडला होता.

"जाताना ती काय बोलेल, ते सुचत नाही," तो म्हणाला.

पलीकडे सिस्टरने पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काही नाही बोलत रे माणसं. दमलेली असतात. तू तिला फक्त अडवू नकोस, म्हणजे झालं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सिस्टर गेली.

रात्रपाळी संपवून ती कपडे बदलायच्या खोलीत आली, बाकावर टेकली, बूट सोडायला वाकली... आणि उठलीच नाही. वर्षानुवर्षे तिने इतरांच्या नाडीवर बोटे ठेवली होती. तिची नाडी बघायला त्या वेळी तिथे कोणी नव्हते.

त्या सकाळी मास्तर आणि तो फोन जोडून वाट बघत राहिले. पुष्कळ वेळाने तिच्या भावाचा फोन आला.

अंत्यविधीला तो सगळ्यांत मागे उभा होता. रडला नाही. परत येताना मास्तरांनी खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "त्यांच्या नायिकेचं आज लग्न लागायचं होतं."

हजेरी बंद पडली.

बऱ्याच दिवसांनी मास्तरांनीच फोन केला. "मौनीबाबा, उद्यापासून बसू या. तुझी कादंबरी पुरी झाली नाही, तर वर गेल्यावर ती माझा कान पिळेल. शेवटच राहिलाय ना?"

त्याने टेबलाचा खण लोटून बंद केला.

"हो," तो म्हणाला. "शेवटच राहिलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी फोन जोडले. तिकडे मास्तरांचा पंखा कुरकुरत होता. इकडे उजेड टेबलावर आला होता. त्याने कोरा कागद पुढे ओढला आणि नुसता बघत बसला. मग सवयीने हात टेबलाकडे गेला.

टक टक.

मास्तरांनी उत्तर दिले. टक.

आणि मग...

टक.

मास्तरांचा हात थरथरला असेल, असे त्याला वाटले. हजेरी संपल्यावर त्याने विचारले, "मास्तर, आज तुम्ही दोनदा का ठोकलंत?"

पलीकडे मास्तरांनी पंखा बंद केला.

"मी एकदाच ठोकलं," मास्तर हळूच म्हणाले. "दुसरं तुझ्याकडून आलं. मी तेच विचारणार होतो."

त्याने फोनकडे पाहिले. पडद्यावर दोनच नावे होती.

पुढच्या सकाळी दोघेही लिहीत नव्हते. दोघेही ऐकत होते. बराच वेळ काहीच नाही. फक्त पंखा. मग त्याने दोनदा ठोकले. मास्तरांनी एकदा. तिसरा आवाजही आला. आणि त्याच्या पाठोपाठ...

कर्र... कर्र... कर्र...

फू.

ती फुंकर त्याच्या कानाच्या पाळीला लागली. गार नव्हती. उबदार होती, जिवंत माणसाची असते तशी.

मास्तरांनी तिच्या भावाला फोन लावला. आडून आडून विचारले. भाऊ म्हणाला, तिचा मोबाइल तेव्हापासून बंद आहे, कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे आहे.

तरीही ती रोज येत राहिली. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. तो लिहू लागला की पलीकडे सारे शांत असे. तो अडला, दोनदा ठोकले, तरच ती येई.

मग तो रोजच अडू लागला.

काही दिवसांनी मास्तर म्हणाले, "मी उद्यापासून बसत नाही."

"घाबरलात?"

"घाबरलोच. या वयात खोटं कशाला बोलू? पण ते कारण नाही. तिचं ठोकणं ऐकलंस का तू नीट? आधीसारखं नाही राहिलं ते. मला नाही ऐकवत रे."

त्याने ऐकले नव्हते असे नाही. पण त्याने तो विचार झटकून टाकला.

दुसऱ्या दिवशी फोन जोडायला कोणी नव्हते. मोबाइल टेबलावर पडून होता, कोणाशीही न जोडलेला. त्याने तो बंदच करून टाकला. मग उगीचच, खात्री करायची म्हणून, दोनदा ठोकले.

बराच वेळ गेला. छतावरचे कवडसे हलायचे थांबले.

टक.

हा आवाज फोनमधून आला नव्हता.

टेबलाच्या दुसऱ्या कडेवरून आला होता.

आता ती फोनच्या पलीकडे नव्हती. खोलीत होती. दिसत काहीच नसे. समोरची रिकामी खुर्ची, तिच्या पाठीवर उन्हाचा पट्टा, एवढेच. पण शार्पनर करकरले की टेबलाला सूक्ष्म कंप जाणवे. त्याला भीती वाटली नाही. त्याला बरे वाटले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या खोलीत कोणीतरी रोज येत होते.

तो रोज शेवटचे पान लिहायचा आणि फाडायचा. 'जमलं नाही' असे स्वतःशी पुटपुटायचा. दुसऱ्या सकाळी पुन्हा लिहायला घ्यायचा, आणि हात आपोआप तीच वाक्ये लिहीत जायचा, त्याच क्रमाने. अगदी स्वल्पविरामसुद्धा बदलायचा नाही. तरी तो दोनदा ठोकायचा.

दुकानात चुका होऊ लागल्या. एकदा मालक मागच्या खोलीत येऊन कपाळाला हात लावून उभे राहिले. "अरे बाबा, आजींना डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवलीस. बाहेर पडताना त्या बिचाऱ्या दाराच्या चौकटीला नमस्कार करून गेल्या! लक्ष कुठे असतं तुझं?"

त्याचे लक्ष त्या आवाजात होते.

कारण आवाज बदलला होता. आता मास्तर म्हणाले ते त्यालाही टाळता येईना. दोनदा ठोकल्यावर उत्तर यायला फार वेळ लागू लागला. आधी खुर्ची किंचित करकरे, जणू कोणीतरी हात टेकवून सावरून बसते आहे. मग एक श्वास. आणि मग ते 'टक'... इतके क्षीण, की बोट टेबलावर ठेवले आहे की नुसते पडले आहे, हे कळू नये.

शार्पनर दोन वेढे फिरून थांबायचे.

फुंकर अर्धीच यायची.

तरी ती यायची. त्याने बोलावले आणि ती आली नाही, असे एकदाही झाले नाही.

शेवटी एका सकाळी मास्तर काठी टेकत जिना चढून आले. तो टेबलाशी बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. टेबलाखाली फाडलेल्या पानांचा ढीग. मास्तर दारातच थबकले. रिकाम्या खुर्चीकडे बघून त्यांनी, का कोण जाणे, चपला बाहेर काढल्या आणि पलंगाच्या कडेवर बसले.

"आत्ता आहे?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

मास्तरांनी वाकून ढिगातले एक पान उचलले. डोळ्यांजवळ नेऊन वाचले. मग दुसरे. मग तिसरे. प्रत्येक पानावर तीच बाई उठत होती, झग्यावरून हात फिरवत होती आणि मुलीला न उठवता दाराबाहेर जात होती.

"अरे," मास्तर म्हणाले, "हे सगळं एकच आहे."

"शेवट जमत नाहीये."

"यात काय जमायचं राहिलंय?"

"काहीतरी राहिलंय, मास्तर."

त्याचा हात टेबलाकडे गेला. मास्तर "नको" म्हणेपर्यंत त्याने ठोकलेही होते.

टक टक.

दोघे थांबले. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू केली, ती निघून गेली. उन्हाचा पट्टा खुर्चीच्या पाठीवरून खाली उतरला.

उत्तर आले नाही.

त्याऐवजी, त्या रिकाम्या खुर्चीतून, अगदी हळू...

कोणीतरी जांभई दिली.

लांब, दाबून धरायचा प्रयत्न केलेली. आवरता न आलेली. रात्रभर उभे राहिलेल्या माणसाची जांभई.

मास्तरांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. ते हमसून रडू लागले. रडता रडताच म्हणाले, "अरे, ती रात्रपाळी करून आली होती रे. तेव्हापासून आपण तिला बसवून ठेवलंय. झोपू दे ना तिला! सांग तिला काय राहिलंय ते. खरं सांग."

ही गोष्ट त्याने मला सांगितली, तेव्हा तो खिडकीशी पाठमोरा उभा होता. त्या टेबलाशी तो आता बसत नाही. पण टेबल हलवतही नाही, आणि त्याच्यावर मला हात टेकवू देत नाही. मी त्याला पुष्कळदा विचारले, की तू खरे सांगितल्यावर काय झाले? काही ऐकू आले का? खुर्ची हलली का? तो मान खाली घालतो. एकदाच म्हणाला, "शांत झालं. पण दादा, शांत म्हणजे गेल्या, की तिथेच झोपल्या, ते कसं ओळखायचं?"

अजूनही त्याच्या खोलीत गेलो की मी आपोआप दबक्या आवाजात बोलतो.

त्या सकाळी मात्र तो उठला होता. मौनीबाबा, जो दुकानात दिवसभर तोंड उघडत नाही, तो रिकाम्या खुर्चीसमोर हात जोडून उभा राहिला आणि मोठ्याने, स्पष्ट बोलला.

"सिस्टर, काहीच राहिलेलं नाही. मी अडलेलो नव्हतो. कादंबरी लिहून झाली आहे. तुम्ही गेलात, त्याच आठवड्यात झाली."