शब्दात पाय नाहीत

एक कोडं घ्या. ग्रीस देशाच्या जुन्या पुराणांत हेफायस्टस नावाचा देव आहे. देवांचा लोहार. तो लंगडत चालायचा, हे त्या पुराणांत ठिकठिकाणी आलेलं आहे. त्याच्या नावाला एक विशेषण लावतात, ‘अम्फिग्युएइस’. लोक त्याचा अर्थ कितीतरी काळ ‘दोन्ही पायांनी पांगळा’ असा सांगत आले. पण गंमत अशी, की त्या शब्दात पाय कुठेच नाहीत. मग ते आले कुठून?

शर्वरी वानखडेला हे कोडं सोडवायची मुळीच हौस नव्हती. तिला चंद्रावर जायचं होतं.

तुमची नातवंडं शाळेत जातील, तेव्हाची ही गोष्ट. लोणारच्या विवराजवळ (उल्का आदळून झालेल्या प्रचंड खड्ड्याजवळ) चंद्र-सराव केंद्र होतं. दरवर्षी तिथून काही शाळकरी मुलं चंद्रावरच्या शिबिराला जात. शर्वरी लेखी परीक्षेत पहिली आली होती. आता उरली होती शिडीची परीक्षा. यानाच्या दारापर्यंत शिडी चढून जायचं. शर्वरीचे पाय जन्मापासून अशक्त. ती कुबड्या घेऊन चाले. “पडलीस तर सगळ्यांसमोर फजिती होईल, त्यापेक्षा नाव मागे घे,” असं तिला वर्गशिक्षकांनी मायेनेच सांगितलं होतं. माया कधीकधी फार महागात पडते.

ती तणतणत आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, कार्यशाळेत आली. आबांचं सगळं आयुष्य यंत्रमानव बनवण्यात गेलं होतं.

“काऊन गं, तोंड काऊन पाडलं?” आबांनी विचारलं.

तिने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “लंगड्यांना चंद्रावर जागा नाही, आबा.”

“असं? अन् देवांत होती का जागा?” आबांनी कोपऱ्यातल्या यंत्रमानवाला हाक मारली. “घोक्या, हेफायस्टसचं सांग तिला.”

घोक्याला जगातल्या सगळ्या भाषा तोंडपाठ होत्या. समजत किती होत्या, हा वेगळा प्रश्न. तो घडाघडा बोलू लागला. हेफायस्टसला त्याच्या आईनेच स्वर्गातून खाली फेकलं. पुढे स्वर्गात परतल्यावर तो लंगडत देवांना मद्य वाढू लागला, की देव पोट धरून हसत. पण त्याच देवांचे महाल आणि शस्त्रं त्यानेच घडवली होती. त्याने स्वतःसाठी सोन्याच्या मुली बनवल्या. त्या चालत, बोलत, विचार करत आणि त्याला आधार देत.

“म्हणजे यंत्रमानव?” शर्वरीचे डोळे मोठे झाले.

“माणसाच्या कल्पनेतले फार जुने यंत्रमानव,” आबा म्हणाले. “अन् ते सुचले कोणाला? ज्याला आधार लागत होता त्याला.”

“म्हणून त्याला अम्फिग्युएइस म्हणतात,” घोक्या म्हणाला. “अर्थ, दोन्ही पायांनी पांगळा.”

“फोड कर,” आबा म्हणाले.

“अम्फि म्हणजे दोन्ही बाजूंना. पुढच्या भागाबद्दल एकमत नाही. कोणी म्हणतात वाकडा, कोणी म्हणतात अवयव, कोणी म्हणतात बळकट हातांचा.”

“आणि पाय?” शर्वरीने विचारलं.

घोक्याने शब्द पुन्हा अक्षर अक्षर तपासला. 

“पाय शब्दात नाहीत,” तो म्हणाला. “पाठांतरात आहेत.”

शर्वरी खो खो हसली. “अरे, तो लंगडा आहे हे आधीच ठाऊक होतं, म्हणून लोकांना सगळीकडे पायच दिसले!”

“बरोबर,” आबा म्हणाले. “अन् ग्रीक लोक काही एका माळेचे मणी नव्हते. ते अपंगांची टर उडवत, हे खरं. पण ज्यांना काम करणं शक्य नव्हतं अशा गरीब नागरिकांना अथेन्स नगरी भत्ताही देई. एपिडॉरस गावी आजारी माणसं बरं व्हायला एका मंदिरात जात. तिथे इमारतींना दगडी उतार सापडले आहेत. काही अभ्यासकांना वाटतं, ते चालता न येणाऱ्यांसाठीच बांधले असावेत. आता सांग, पायऱ्यांसमोर जो अडला, तोच माणूस उताराने आत गेला. त्याचे पाय मधल्या वेळात बदलले का?”

“नाही. दार बदललं.”

“हेच ते. अपंगत्व (शरीर आणि जागा यांचा मेळ न बसणं) नुसतं शरीरात नसतं.”

शर्वरी विचारात पडली. मग तिने एकदम विचारलं, “आबा, चंद्रावर माझं वजन किती भरेल?”

दुसऱ्या दिवशी ती केंद्रावर हजर झाली. तिथे कमरेला दोर बांधून मुलांना वरून ओढून धरत, म्हणजे चंद्रावरच्याइतकं हलकं वाटे. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (आपल्याला खाली ओढणारं बळ) पृथ्वीच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढंच असतं. शर्वरीने कुबड्या खाली ठेवल्या आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

“थांब बाळ,” परीक्षक देवस्थळी मॅडम म्हणाल्या. “शिडी पायांनी चढायची असते.”

शर्वरीने शिडी सोडली नाही. ती म्हणाली, “मॅडम, नियम वाचून दाखवता का?”

“उमेदवाराने शिडीवरून दारापर्यंत जावे.”

“त्यात पाय कुठे आहेत?”

मॅडमनी नियम पुन्हा वाचला. मग चष्मा काढून वाचला. “नाहीत गं,” त्या म्हणाल्या. “मीच घातले. चढ.”

वर्षानुवर्षं कुबड्यांवर भार पेलून शर्वरीचे हात पोलादी झाले होते. तिने पहिली पायरी ओढली आणि जोर जास्त झाल्याने थेट चौथीवर जाऊन डोकं आपटलं. खाली मुलं हसली. तिला रडू फुटणार होतं, पण चौथी पायरी हातात होती. तिने जोर कमी केला. एक हात, दुसरा हात. पाय मागे नुसते तरंगत होते. दाराची कडी हाताला लागली तेव्हा ती इतक्या मोठ्याने ओरडली, की बाहेर थांबलेल्या आबांना ऐकू आलं. ते लहान मुलासारखे टाळ्या पिटू लागले.

पुढचा मुलगा पायांनी चढायला गेला. त्याने पाय दाबला, तसा तो शिडी सोडून हवेत उडाला आणि दोराला लटकून गिरक्या घेऊ लागला. त्याच्या नंतरच्या मुलीचंही तेच झालं. तिसरा मुलगा शर्वरीजवळ आला आणि हळूच म्हणाला, “हातांनी कसं गं करायचं?”

तिने दाखवलं.

त्या वर्षी शिबिराला गेलेल्यांपैकी एकही जण चंद्रावर पायांनी शिडी चढला नाही.