एक पाय कमी

दिवा मालवलाय ना? मग जवळ सरकून बसा, आणि मध्येच "पुढे काय, पुढे काय" करायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नव्हे. जिच्यावर बेतली ती बाई ओळखीतली. तिच्या हातचे कपडे या अंगावर वर्षानुवर्षं घातलेत.

नाव काहीही असो, सगळे तिला टेलरबाईच म्हणत. खाली शिलाईचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या, आणि खोल्यांतून थेट रस्त्यावर उतरणारा उभा जिना. एकोणीस पायऱ्या. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा नाही. घरात चार माणसं नांदलेली: टेलरबाई, तिचा ट्रक चालवणारा नवरा, नऊ वर्षांची लेक, जिला लाडानं बटण म्हणत, आणि टेलरबाईची आई. पण आई जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्या दिवशी शनिवार होता, नोव्हेंबरची आठ तारीख. संध्याकाळी टेलरबाईची नणंद, मदतीला येऊन राहिलेली, वॉकर आणायला औषधांच्या दुकानात गेली होती. टेलरबाईच्या उजव्या पायाचं ऑपरेशन झालेलं. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येऊन हे एवढं टेंगूळ, आणि अंगठा वाकून शेजारच्या बोटाच्या मांडीवर चढून बसलेला. वीस वर्षं त्याच पायानं मशीन चालवली. शेवटी पाय पायट्यावर ठेवला की डोळ्यांत पाणी. हाडांच्या डॉक्टरनं हाड कापलं, अंगठा सरळ केला, आत स्क्रू बसवला आणि पोटरीपर्यंत प्लास्टर घातलं. बोटांची टोकं तेवढी उघडी. टाके आपोआप विरघळणारे, म्हणजे सहा आठवडे प्लास्टर उघडायचंच नाही.

"आणि पाय टेकायचा नाही," डॉक्टर म्हणाला. "एकदा जरी पूर्ण वजन पडलं आणि स्क्रू हलला, तर मशीन विसरा."

मशीन विसरा म्हणजे घर कसं चालवायचं? टेलरबाईनं ते वाक्य मनात गाठ मारून ठेवलं.

नणंद वॉकर खडखडवत वर आली. "लोक पायावर धोंडा मारून घेतात, आमची वहिनी डॉक्टरकडून मारून घेते!"

"वन्सं, हसवू नका, ठणकतंय."

"ठणकू दे. माहेरून आणलेलं टेंगूळ होतं, सुखासुखी जाईल होय?"

हे मात्र खरं होतं. टेंगूळ आईकडून आलेलं. आईचा पाय अगदी तस्साच. अंगठा दुसऱ्या बोटाला घासू नये म्हणून आई मध्ये कापडाचा बोळा ठेवायची, तेलात भिजवलेला. म्हातारपणी तिच्या दोन्ही डोळ्यांची नजर गेली, तरी तो बोळा स्वतःच शिवायची, चाचपून चाचपून. तीन टाके आणि डावीकडे वळवलेली गाठ. कारण आई डावरी.

आंधळी झाल्यावर आईला आणखी एक सवय लागली. सगळे झोपले की भिंतीवर हात टेकत यायची. सर्र… सर्र… आवाज यायचा. लेकीच्या खाटेपाशी थांबून पांघरुणाबाहेर आलेला अंगठा चाचपायची, टेंगूळ हाताला लागलं की हळूच म्हणायची, "आली गं माझी बयो." बयो म्हणजे टेलरबाई, तिला त्या नावानं जगात दुसरं कुणी हाक मारत नव्हतं. मग नातीचा इवलासा सरळ अंगठा. "आली गं पोर." जावयाच्या पायाला हात लावायची लाज वाटे, म्हणून त्याचं घोरणं मोजायची. सगळे मोजून झाले की दाराची कडी लावायची. मोजणी पुरी झाल्याशिवाय कडी नाही. जावयाला कधी रात्रीचा उशीर झाला, तर म्हातारी उंबऱ्यात बसून राही, पण कडीला हात लावत नसे.

रविवारी सकाळी ट्रकवाला लांबच्या फेरीवर निघाला. जाता जाता बहिणीवर खेकसला, "रात्री कडी लावायची विसरलीस का गं? दार नुसतं ढकललेलं."

"मी? मी स्वतः लावली! तूच उठला असशील विड्या फुंकायला."

दोघं भांडत राहिली. कडी लावल्याचा आवाज टेलरबाईनं स्वतः ऐकला होता.

सोमवारी सकाळी पुन्हा कडी निघालेली.

नणंदेनं कानाला हात लावले. "देवाशप्पथ, वहिनी, लावून ओढूनसुद्धा बघितली होती."

तेवढ्यात बटण वेणी घालून घ्यायला आईपुढे बसली. "आई, रात्री तू माझा अंगठा का दाबत होतीस?"

"मी? मी खाटेवरून उठते तरी का?"

"मग आत्या असेल. हात गार होता. आणि आत्या, तू मला बयो का म्हणालीस? बयो कोण?"

टेलरबाईच्या हातातली वेणी तशीच राहिली. ते नाव नणंदेला ठाऊकच नव्हतं.

टेलरबाईनं लेकीचा पाय मांडीवर घेतला. रोजचा पाय, पण नीट बघितला तो त्या दिवशी. या दोन वर्षांत बटणचा अंगठाही वळायला लागला होता. मुळाशी हाड वर आलेलं. लहानसं, पण तेच. माहेरचं.

"वन्सं," ती हळू आवाजात म्हणाली, "आज बटणला माझ्या शेजारी झोपवा."

"तुझ्या शेजारी? रात्री लाथ मारेल, स्क्रू निघेल. मी आहे ना. तिची खाट दाराशी आहे ती इकडे सरकवते फार तर."

खाट दोन हात सरकली. नणंदेनं कडी लावली, वर कुलूप घातलं आणि किल्ली उशीखाली ठेवली. नंतर आतल्या खोलीत आडवी झाली आणि भावासारखीच घोरायला लागली. दोघांचं घोरणं एकाच साच्यातलं.

टेलरबाई जागी होती. उजवा पाय दोन उशांवर, खाटेच्या बाहेरच्या बाजूला. डावा पाय भिंतीकडे, पांघरुणात. डाव्याचंही टेंगूळ होतंच. त्याचं ऑपरेशन उजवा बरा झाल्यावर करायचं ठरलेलं. आधी मशीनचा पाय.

दोनला दहा कमी. घड्याळावर नजर गेली म्हणून टेलरबाईला ती वेळ पुढेही आठवे. सोमवार सरून मंगळवार लागला होता, अकरा तारीख.

सर्र…

भिंतीवरून हात फिरत होता.

सर्र… सर्र…

टेलरबाईनं श्वास धरला. आवाज तिच्या खाटेपाशी आला. थांबला. उशांवरच्या प्लास्टरवर काहीतरी टेकलं. हलकं. चाचपत गेलं… घोट्यापासून पुढे… कडक, गुळगुळीत, गोल. अंगठा शोधत होतं. सापडला नाही. उघड्या टोकाला बोट लागलं, पण ते टोक सरळ होतं. अनोळखी.

हात उचलला गेला.

सर्र… सर्र… बटणच्या खाटेकडे.

टेलरबाईनं हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटेना.

तिकडे थांबणं. शांतता. मग तो आवाज. दोन वर्षांनी.

"आली गं माझी बयो."

आतल्या खोलीतलं घोरणं चालूच. तेही मोजून झालं असणार. कारण मग बराच वेळ काही नाही… आणि नंतर काळजीनं भरलेले शब्द, जसे ती जिवंतपणी उंबऱ्यात बसून बोलायची तसे.

"पण पोर कुठंय गं? पोर अजून घरी नाही आली. चल, बयो. शोधू."

तेव्हा टेलरबाईला उलगडलं. आईची मोजणी चुकली होती. नातीला ती लेक समजली. आणि प्लास्टरमधली खरी लेक तिच्या हाताला ओळखू आलीच नाही. एक पाय कमी. रोज कमी. म्हणून ती लावलेली कडी राहू देत नव्हती.

खाट करकरली. बटण उठली. डोळे मिटलेले. एक हात पुढे धरलेला, कुणीतरी हात धरून नेत असल्यासारखा. दाराकडे चालली.

कुलूप खाली पडलं. खण्ण.

कडी सरकली.

दार उघडलं. बाहेर काळोख. एकोणीस पायऱ्या. कठडा नाही.

वॉकर समोरच्या भिंतीला टेकवलेला. लांब. टेलरबाईला डॉक्टरचं वाक्य आठवलं. मशीन आठवली. पुढच्या क्षणी दोन्ही आठवेनाशी झाली. ती उठली आणि उजवा पाय जमिनीवर टेकला.

पूर्ण वजन.

कळ डोक्यात गेली. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला ती उंबऱ्यात कोसळली. बटण पहिल्या पायरीवर उभी होती, एक पाय हवेत. टेलरबाईनं फ्रॉकचा घेर पकडला. स्वतः शिवलेला, दुहेरी शिलाईचा. उसवला नाही. पण पलीकडून ओढ होती. मऊ, पण न सुटणारी.

"आई," ती म्हणाली. या वेळी आवाज फुटला. "आई, ती बयो नाही."

ओढ थांबली नाही.

"आई, ती पोर आहे. बयो इथंय."

बोलून काय उपयोग? आंधळं माणूस हातानं बघतं. टेलरबाईनं बसल्या बसल्या डावा पाय पुढे केला. काळोखात. जिन्यावर. टेंगूळ वर करून.

"हा बघ माझा पाय."

काही नाही…

काही नाही…

मग पावलावर गार बोटं. अंगठ्यावर. टेंगळावरून फिरली. पुन्हा फिरली. दुसऱ्या बोटावर चढलेला अंगठा हळूच उचलून बघितला, जसा आई लहानपणी बघायची.

फ्रॉकची ओढ सुटली. बटण आईच्या मांडीत येऊन पडली, झोपेतच.

"आली गं माझी?"

"आले, आई. पोर पण आली." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "जावई फेरीवर गेलाय, त्याचा घोर नको. सगळे आले. कडी लाव आता."

ती लेकीला ओढत उंबऱ्याच्या आत आली. बोटं तिच्यासोबत आली. प्लास्टरवर थांबली. या वेळी हात लगेच उचलला गेला नाही. दुखऱ्या पायावर आईचा हात जितका वेळ राहतो, तितका वेळ राहिला.

दार मिटलं. कडी लागली.

नणंद धावत आली तेव्हा दोघी मायलेकी जमिनीवर होत्या. "अगं बाई! पाय टेकलास? काय झालं?"

"बटण झोपेत चालली," टेलरबाई एवढंच म्हणाली.

पुढे रोज सकाळी कडी लागलेली असे. पण टेलरबाईला एकच घोर. स्क्रू हलला असणार. सहा आठवडे तिनं मशीनकडे बघितलंसुद्धा नाही.

प्लास्टर काढायच्या दिवशी नणंद सोबत होती. डॉक्टरनं आधी हाडाचा फोटो काढला, उजेडासमोर धरला. "वा! आखून ठेवल्यासारखं जुळलंय. एवढी कुणी आमची आज्ञा पाळत नाही."

नणंदेनं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं जमिनीकडे.

मग डॉक्टरनं करवतीनं प्लास्टर कापलं. खालचा कापूस सोलला. एक थर, दुसरा, तिसरा. आणि त्याचा हात थांबला.

"हे आत कुणी ठेवलं?"

अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या बेचक्यात, अगदी मुळाशी, कापडाचा एक बोळा होता. "टोकाकडून असा आत जाणार नाही," डॉक्टर स्वतःशीच पुटपुटला. "आणि आमच्याकडे रंगीत कापड नसतंच."

टेलरबाईनं हात पुढे केला. कापड कुठलं, हे तिला कुणाला विचारायची गरज नव्हती. जांभळ्या चौकड्या. आईच्या उशीचा अभ्रा. आई गेली तेव्हा तिच्यासोबतच चितेवर गेलेला. तीन टाके. गाठ डावीकडे.

"बरं, डाव्या पायाचं कधी करायचं?" डॉक्टरनं विचारलं.

टेलरबाईनं डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"तो राहू द्या."

"दुखेल की."

"दुखू दे."

तिनं मूठ मिटली. नणंदेनं तिची बोटं उघडून बघितली, आणि तिचीही बोटं ओली झाली. बोळ्यातून तेल निथळत होतं. ताजं. अजून कोमट.